गाठींसाठी मागणं

पांडुरंगा, हात जोडलेत असं समज.

तुझ्या दारात येणारा जो तो सुटायला येतो. पाश तोड, फेरा चुकव, गुंता सोडव. शतकानुशतकं हेच ऐकत उभा आहेस. मी उलटं मागणं घेऊन आले आहे. जन्मभर कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवलं. त्यात सगळ्यात जास्त जीव जडला तो कोलॅजेनवर, आणि त्या एका प्रथिनाने मला पक्कं पटवलं की देह म्हणून जे काही उभं आहे ते गाठींवर उभं आहे. तेव्हा गाठी राहू देत, देवा. त्या कुठे बसाव्यात, किती बसाव्यात आणि कुणी माराव्यात, एवढंच तुझ्याशी बोलायचं आहे. मागे रांग मोठी आहे हे ठाऊक आहे. मुखदर्शनाला लागतो त्याहून जरा जास्त वेळ घेईन.

आधी तुझं देणं मान्य करते. माझ्या अंगातल्या एकूण प्रथिनांपैकी पाव ते तिसरा हिस्सा हे एकच प्रथिन आहे. कातडी त्याची, कंडरा त्याच्या, हाडातला चिवटपणा त्याचा, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत ते, दातात ते. कातडीत त्याचे धागे तू सगळ्या दिशांनी पसरलेस, कंडरेत एका रेषेत ठेवलेस, आणि डोळ्याच्या पारपटलात इतक्या सारख्या अंतरावर मांडलेस की उजेड आरपार जातो. माल तोच, मांडणी निराळी. तुझी ही काटकसर मला फार आवडते.

त्याहून आवडतो तो तुझा ग्लायसिनशी केलेला व्यवहार. प्रथिनं ज्या वीस अमिनो आम्लांची बनतात त्यांत ग्लायसिन सगळ्यात लहान. बाकीच्यांना बाजूला काही ना काही फांदी आहे, ग्लायसिनच्या वाट्याला हायड्रोजनचा एक अणू आला आणि संपलं. कोलॅजेनच्या रेणूत तीन साखळ्या असतात, प्रत्येकीत हजाराच्या आसपास अमिनो आम्लं. प्रत्येक साखळी स्वतः डावा पीळ घेते आणि तिघी मिळून उजवा पीळ घेत एकमेकींभोवती वळतात. तीन पेडांची वेणीच म्हण, फक्त १.५ नॅनोमीटर जाड आणि ३०० नॅनोमीटर लांब. या वेणीच्या पोटात, जिथे तिन्ही पेड एकमेकांना टेकतात, तिथे जागा इतकी थोडी की ग्लायसिनशिवाय कुणी मावतच नाही. म्हणून दर तिसरी जागा त्याची. मोठ्यांना तू बाहेरच्या अंगाला बसवलंस आणि गाभाऱ्यात सगळ्यात धाकट्याला घेतलंस. तुझ्या स्वतःच्या देवळात माणसांच्या बाबतीत असं झालं नाही, पण तो विषय पुढे काढते.

ही रचना ज्यांना सुचली ते जी. एन. रामचंद्रन २००१ साली तुझ्याकडे आले. त्यांना माझा नमस्कार सांग. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली शिकलेला हा माणूस १९५२ साली मद्रास विद्यापीठात पदार्थविज्ञानाचा विभागप्रमुख झाला तेव्हा पुरता तिशीचाही नव्हता. त्याच वर्षी जे. डी. बर्नाल तिथे येऊन गेले आणि बोलता बोलता म्हणाले की कोलॅजेनची रचना अजून कुणाला नीट उलगडलेली नाही. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था कामाला लागले. कांगारूच्या शेपटीतली कंडरा मिळवली, तिच्यातून क्ष-किरण पाठवले, पडलेल्या ठिपक्यांवरून तर्क बांधला, आणि १९५४ साली ‘नेचर’मध्ये तीन साखळ्यांची रचना छापून आली. पुढच्याच वर्षी तिन्ही साखळ्या एकमेकींभोवती पीळ घेतात ही दुरुस्तीही त्यांनीच केली.

मग वाद झाला. फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी १९५५ साली म्हटलं की मद्रासच्या रचनेत काही अणू एकमेकांच्या फार जवळ आलेत. दर तीन अमिनो आम्लांमागे दोन हायड्रोजन बंध धरलेत, तिथे एकच बसेल. क्रिक म्हणजे त्या काळी केवढं नाव! दुसरा एखादा तिथेच बसला असता नाहीतर नुसता भांडत राहिला असता. रामचंद्रन यांनी मूळ प्रश्नच उचलला: अणूंनी एकमेकांच्या किती जवळ यायचं याला काही मर्यादा आहे का? ज्ञात स्फटिकांतली अंतरं गोळा केली, हिशेब मांडला, आणि रामकृष्णन व शशिशेखरन या सहकाऱ्यांबरोबर १९६३ साली एक नकाशा काढला. प्रथिनाची साखळी कुठे वळू शकते आणि कुठे नाही, हे त्या एका चौकोनात दिसतं. आज जगात कुठेही प्रथिनाची रचना ठरवली की आधी ती रामचंद्रन नकाशावर ताडून बघतात. बंध एक की दोन, त्यात पुढे स्फटिकांनी एकाच्या बाजूने कौल दिला. म्हणजे क्रिकची बाजू खरी ठरली आणि नकाशा मद्रासला राहिला. विठ्ठला, आमच्या विद्यापीठांत असले वाद होऊ देत. सध्या होतात ते कशावरून होतात, हे तुझ्या कानावर घालण्यात अर्थ नाही.

त्या धाकट्या ग्लायसिनची जागा एका ठिकाणी जरी दुसऱ्या कुणी घेतली तर काय होतं, तेही तुला माहीत आहे. हजारातली एक जागा. तिथे सिस्टीन किंवा सेरीनसारखं जरा थोराड अमिनो आम्ल बसलं की पीळ तिथे अडखळतो, आणि मूल ठिसूळ हाडं घेऊन जन्माला येतं. काही मुलांचं हाड नुसतं उचलून घेताना मोडतं. अशा मुलाची आई त्याला आंघोळ कशी घालत असेल, याचा विचार माझ्याने फार वेळ होत नाही. तिच्यासाठी मागते: तिच्या हातांना अंदाज दे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना तोंड आवरायची बुद्धी दे. ‘तूच नीट धरलं नसशील’ हे तिला कुणी म्हणू नये.

आता तक्रार. साखळ्यांमधल्या प्रोलीनवर ऑक्सिजनचा एकेक अणू चढवला तरच हा पीळ अंगाच्या उबेत टिकतो. ते काम करणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं, आणि ते लोह कामाच्या अवस्थेत ठेवायला क जीवनसत्त्व लागतं. शेळी ते आपल्या यकृतात बनवते, उंदीर बनवतो, कुत्रं बनवतं. आमच्याकडे त्याची कृती लिहिलेलं जनुक आहे, पण मोडकं. माकडांचीही तीच गत, गिनी पिगचीही. का मोडलंस ते विचारत नाही. आवळा दिलास, लिंबू दिलंस, हिशेब फिटला असं म्हणायला मी तयार आहे. पण ज्यांना ते मिळालं नाही त्यांची आठवण तुला करून दिल्याशिवाय पुढे जाणार नाही.

१४९८ सालच्या ऑक्टोबरात वास्को द गामाची जहाजं कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून परत निघाली. बेट आज गोव्यात मोडतं. अरबी समुद्र ओलांडायला वारा मिळेना. जवळजवळ तीन महिने लागले. हिरड्या सुजून दातांवर चढल्या, खाता येईना, पाय सुजले. त्या एका प्रवासात तीस माणसं गेली, आणि शेवटी एकेका जहाजावर कामाला उभी राहतील अशी सात-आठच उरली. पाठीमागे आवळ्या-लिंबांचा किनारा सोडून निघालेली ही माणसं. पुढे आफ्रिकेच्या मालिंदी बंदरात आजाऱ्यांसाठी संत्री मागवली तेव्हा कित्येकांची वेळ टळून गेली होती. ती इथे काही पुण्य करायला आली नव्हती, आणि त्यांच्या मागून जे आले त्यांनी या किनाऱ्यावर काय केलं ते मला शाळेपासून पाठ आहे. तरीही खलाशी होता कोण? कुणा गरिबाचा पोरगा. त्यांनाही तुझ्या पायाशी जागा दे.

याहून एक हकिगत मला अनेक वर्षं झोपू देत नाही. जॉर्ज अ‍ॅन्सन नावाच्या इंग्रज नौदल अधिकाऱ्याने १७४० साली जगप्रदक्षिणेला जहाजं काढली, आणि केप हॉर्नजवळ त्यांनाही याच रोगाने, स्कर्व्हीने, गाठलं. त्या सफरीच्या वृत्तांतात एका म्हाताऱ्या सैनिकाची नोंद आहे. तो १६९० साली आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत जखमी झाला होता. जखमा भरल्या, वण राहिले, पन्नास वर्षं गेली. जहाजावर स्कर्व्ही झाली आणि त्या जुन्या जखमा पुन्हा उघडल्या, कधी भरल्याच नव्हत्या अशा. दुसऱ्या एकाचं कधीकाळी जुळलेलं हाड पुन्हा सुटलं. आम्हाला वाटतं वण म्हणजे झालं गेलं प्रकरण. तसं नसतं. वणातलं कोलॅजेन देह सतत थोडं मोडत असतो आणि थोडं नवं घालत असतो. नवं घालणं थांबलं की जखम जिथल्या तिथे हजर. म्हणजे पन्नास वर्षं तू रोज त्या माणसाची जखम शिवत होतास, त्याच्या नकळत! माझ्याही किती जखमा तू अशा रोज शिवतोस, त्याचा हिशेब मी कधी विचारला नाही. आज विचारत नाही, फक्त आभार मानते. शिवणं चालू ठेव.

आणि आता मूळ गोष्टीला येते, गाठींच्या.

कोलॅजेनचा सुटा रेणू आमच्या ३७ अंशांच्या उबेत फार वेळ टिकत नाही, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी २००२ साली दाखवलं. माझ्या वर्गात मी हे सांगायची तेव्हा मुलं वही बाजूला ठेवायची. ज्या प्रथिनावर सगळा देह उभा आहे, त्याचा रेणू त्याच देहाच्या उबेत हळूहळू उलगडून जातो. थंड समुद्रातल्या कॉड माशाचं कोलॅजेन तर आपल्या घरातल्या साध्या हवेतही पीळ सोडतं, त्याला तू तेवढंच दिलंस जेवढं त्याच्या पाण्याला पुरेल. मग आमचं चालतं कसं? रेणू सुटा राहत नाही म्हणून. पेशीतून बाहेर पडला की त्याची दोन्ही टोकांची झाकणं कापली जातात आणि तो शेजाऱ्यांना जाऊन चिकटतो. सगळे एका रेषेत सुरू होत नाहीत. प्रत्येक जण शेजाऱ्यापेक्षा ६७ नॅनोमीटर पुढे सरकून उभा राहतो. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली धाग्यावर पट्टे दिसतात. मध्ये सुमारे ४० नॅनोमीटरच्या फटी राहतात, आणि हाडात कॅल्शियमचे खडे बसायला सुरुवात होते ती या फटींत. म्हणजे रिकामी जागासुद्धा तू कामाला लावलीस.

एवढं झालं तरी धागा अजून कच्चाच. नुसते शेजारी उभे राहिलेले रेणू ओढ बसली की एकमेकांवरून घसरतील. तिथे तू लायसिल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम धाडतोस, हाताशी तांब्याचा अणू देऊन. रेणूच्या टोकाला पीळ नसलेलं छोटं शेपूट असतं, त्यातल्या लायसिनला ते धरतं आणि त्याचं अल्डिहाइड करून ठेवतं. बस, एन्झाइमचं काम तेवढंच. पुढची गाठ आपोआप पडते: ते अल्डिहाइड शेजारच्या रेणूच्या अंगातल्या एका ठरलेल्या लायसिनशी जुळतं. ६७ नॅनोमीटरची ती मांडणी नेमकी असल्यामुळेच टोक आणि जागा समोरासमोर येतात. सुरुवातीची गाठ दोघांमधली आणि जरा कच्ची. महिने जातात, वर्षं जातात, तशी ती तिसऱ्यालाही आपल्यात ओढते आणि पक्की होते. तिला पायरिडिनोलिन म्हणतात, जपानच्या फुजिमोतो यांनी ती १९७७ साली ओळखली. ही गाठ इतकी पक्की की हाड झिजून धागा मोडला तरी ती सुटत नाही, तशीच लघवीवाटे बाहेर पडते, आणि प्रयोगशाळेत ती मोजून हाडं किती झिजतायत ते सांगता येतं.

या गाठी पडल्याच नाहीत तर? स्वीट पीच्या फुलझाडाचं बी उंदरांना चारलं की त्यातलं विष लायसिल ऑक्सिडेजला बांधून टाकतं. उंदराचा कणा वाकडा होतो, महारोहिणी फुगून फुटते. कोलॅजेन सगळं जागच्या जागी असतं, पीळही नीट असतो, फक्त कुणी कुणाला धरलेलं नसतं. आमच्या विदर्भातली लाखोळी त्याच कुळातली, पण तिचं विष वेगळं, ते पाय लुळे करतं मज्जातंतूंच्या वाटेने. दोन्हींची नावं एकत्र घेऊन लोक घोळ करतात, म्हणून सांगितलं. आणि तांबं आतड्यातून रक्तात नेणारी वाटच बंद असलेली मेंकेस रोगाची बाळं जन्मतात, त्यांच्या रक्तवाहिन्या सैल पडतात. अनेक जण तीन वर्षांचीही होत नाहीत. त्यांच्यासाठी काय मागावं ते मला सुचत नाही. तूच बघ.

देह सुटल्यावरही या गाठी शिल्लक राहतात, देवा. तुझ्यापुढे कीर्तनात पखवाज घुमतो त्याची पुडी शेळीच्या कातड्याची. शेळी कधीच गेली; तिने हयातीत मारलेल्या गाठी थापेगणिक ताण सोसतात. पावसाळी हवेत कातडं पाणी पितं, सूर उतरतो, वादक गठ्ठे ठोकत बसतो. कोल्हापुरी चपलेच्या कातड्यात तर माणसाने आपल्या गाठींची भर घातली: हिरडा आणि बाभळीची साल यांचा अर्क कातड्यात मुरवला की त्यातली टॅनिनं कोलॅजेनच्या धाग्यांना जागोजागी धरतात. कच्चं कातडं साधारण साठ-पासष्ट अंशांवर आकसून जातं, असं कमावलेलं त्याहून दहा-वीस अंश जास्त सोसतं. हे रसायनशास्त्र ज्यांनी शेकडो वर्षं हातांनी केलं, त्यांच्या हातांना आम्ही काय म्हटलं ते तू ऐकलंस. कातडं पखवाजावर चढून थेट तुझ्या सभामंडपात आलं. ते सोलणारा, कमावणारा मात्र चोखोबाच्या पायरीपाशी थांबला. साने गुरुजींनी १९४७च्या मे महिन्यात पंढरपुरात प्राण पणाला लावले तेव्हा कुठे दार उघडायचं ठरलं. मघाशी ग्लायसिनच्या वेळी म्हटलं होतं, पुढे काढीन. काढलं. तू तेव्हा आत होतास की बाहेर, हे मला पुष्कळांनी पुष्कळ प्रकारे समजावून सांगितलंय. मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. घाई नाही.

मंगळवेढ्याची भिंत कोसळून चोखोबा गेले, नामदेवराय हाडं वेचायला गेले, आणि ज्या हाडांतून तुझं नाव ऐकू आलं ती चोखोबांची, अशी कथा. माझ्यातली शिक्षिका इथे गप्प बसत नाही. हाडातला खनिज भाग आम्लात विरघळवला की जे उरतं ते कोलॅजेन, वाकवलं तर वाकतं. बाकी सगळं सडून गेलं तरी ते कोरड्या हाडात हजारो वर्षं तग धरतं. जुन्या हाडांचं वय काढतात ते बहुधा त्याच्यातल्याच कार्बनवरून. नाव जर हाडात कुठे राहिलं असेल तर ते तिथेच राहिलं असणार. बाकी काही टिकलंच नाही तर कुठे राहील?

आता माझ्या हातांचं सांगते. सुरुवातीला ‘समज’ म्हटलं ते उगीच नव्हतं. मधुमेहाच्या डॉक्टरांनी नमस्कार करून दाखवा म्हटलं. तळवे टेकले, बोटांची टोकं टेकली, मधली बोटं कमानीत राहिली. किती दाबलं तरी फट मिटेना. डॉक्टरांच्या पुस्तकात या खुणेला ‘प्रेयर साइन’ म्हणतात. मला हसू आलं. ज्या गाठींवर मी इतकी वर्षं व्याख्यानं दिली त्यांनीच मला बोटांत धरलं.

कारण गाठी दोन जातींच्या आहेत. एक तुझी, एन्झाइमने नेमून दिलेल्या जागी पडणारी. दुसरी साखरेची. ग्लुकोजला कुणी धाडावं लागत नाही. रक्तात आहे, समोर लायसिन दिसलं, चिकटलं. मग महिनोन्‌महिने बदलत बदलत ते शेजारच्या साखळीतल्या आर्जिनीनला पकडतं आणि तिथे कायमची गाठ पडते. अशा गाठींतली म्हातारपणी कातडीत सगळ्यात जास्त सापडते ती ग्लुकोसेपेन. जागा नेमलेली नाही, वेळ नेमलेली नाही, पुरे कधी म्हणायचं ते कुणाला ठाऊक नाही. धागे घसरायला हवेत तितकेही घसरत नाहीत, सांधे आखडतात, रक्तवाहिन्या ताठ होतात. तीन महिन्यांची साखर म्हणून जी तपासणी करतात तीही हीच चिकटाचिकट मोजते, हिमोग्लोबिनवरची. पण तांबडी पेशी चार महिन्यांत मोडीत निघते आणि तिच्यावरचं सगळं पुसलं जातं. सांध्याच्या कूर्चेतल्या कोलॅजेनचं अर्धं आयुष्य काढलंय ११७ वर्षं. म्हणजे कॉलेजात असताना तुळशीबागेत खाल्लेल्या मिठाईची नोंदही माझ्या गुडघ्यात असेल. मधुमेह नसलेल्यांच्याही गुडघ्यात असेल, फक्त बारीक अक्षरात. माझं तारुण्य परत दे, असं मी म्हणत नाही. जाहिरातीतली कोलॅजेनची पावडर दुधातून घेणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी सांगून थकले की पोटात गेल्यावर त्याचे तुकडे होतात, ते सरळ गालावर जाऊन बसत नाही. तिला तू समजावून बघ. तुझं ऐकेल.

मला मागायचं आहे ते एवढंच. माझ्या भाचीच्या डोळ्याचं पारपटल शंकूसारखं पुढे येऊ लागलं, तेव्हा तिच्या डोळ्यात ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालून वर अतिनील किरण सोडले. पारपटलातल्या कोलॅजेनमध्ये नव्या गाठी पडल्या आणि शंकू वाढायचा थांबला. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी हा उपाय काढला. त्या गाठी टिकव, पोरीला अजून पुष्कळ वाचायचं आहे. वारीच्या वाटेवर दिवे घाट चढणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घोट्यातल्या कंडरा जप. खाणावळीच्या भाकरीवर दिवस काढणाऱ्या पोरांच्या ताटात लिंबाची फोड पडू दे. घरातल्या माणसांना एकमेकांच्या किती जवळ यायचं ते कळू दे, त्यासाठी रामचंद्रनांनी नकाशा काढला नाही.

आणि माझ्या बोटांसाठी. साखरेची गाठ सोडवणारं औषध अजून कुठल्या दवाखान्यात मिळत नाही. २०१५ साली येल विद्यापीठात लोकांनी ग्लुकोसेपेन प्रयोगशाळेत बनवून पाहिलं, म्हणजे निदान गाठ हाती आली. आता ती कापणारं एन्झाइम शोधायचं आहे, आणि अशी एन्झाइमं बहुतेक वेळा मातीतल्या जिवाणूंकडे सापडतात. तू असा एखादा जिवाणू कुठे ठेवला असशील तर शोधणाऱ्यांना दाखव. चंद्रभागेच्या वाळवंटात असला तरी चालेल. माती गोळा करून, डब्यात भरून, चिठ्ठी लावून पाठवायची व्यवस्था मी करते.